अफूबंदीची दोनशे वर्षे

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने मुंबई बंदरातून होणाऱ्या माळवी अफूच्या निर्यातीला मनाई केली. या मनाईमागे नीतीचा प्रश्न नव्हता, तिजोरीचा होता. बंगाल-बिहारमध्ये पिकणाऱ्या अफूचा मक्ता १७७३ पासून कंपनीकडे होता. पाटणा आणि गाझीपूर येथे तयार झालेली अफू कलकत्त्यात लिलावाने विकली जाई. पुढे ती खासगी व्यापाऱ्यांच्या जहाजांतून चीनच्या किनाऱ्यावर चोरट्या मार्गाने उतरे, कारण चीनमध्ये अफूला बंदी होती. होळकर-शिंद्यांच्या मुलखात पिकणारी माळवी अफू त्याच बाजारात स्वस्तात पोहोचू लागली आणि कंपनीच्या मालाचा भाव घसरू लागला. थोडक्यात, दुसऱ्या देशातील बंदी धाब्यावर बसवून धंदा करणारे सरकार स्वतःच्या हद्दीत मात्र बंदी राबवायला निघाले होते.

ही बंदी फसली. मुंबईची वाट अडताच माल पोर्तुगीजांच्या दमणला आणि राजपुताना-सिंधमार्गे कराचीला जाऊ लागला. कंपनीने संस्थानिकांशी करार केले, माळव्यातील अफू स्वतः विकत घेऊन पाहिली, रस्त्यांवर पहारे बसवले. रणांगणावर मराठ्यांचा पराभव केलेल्या या सत्तेला माळव्यातील सावकार आणि व्यापाऱ्यांचे तांडे काही रोखता आले नाहीत. अखेर १८३० च्या सुमारास तिने बंदीचा नाद सोडला आणि पेटीमागे शुल्क घेऊन माल मुंबईतून जाऊ देण्यास सुरुवात केली. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर कराचीची वाट बंद झाली, तेव्हा कुठे हे शुल्क काही वर्षांत चारशे रुपयांपर्यंत चढवता आले. मुंबईच्या भरभराटीत या व्यापाराचा वाटा मोठा होता. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या संपत्तीचा एक भाग चीनशी होणाऱ्या अफू आणि कापसाच्या व्यापारातून आला होता. शहरातील रुग्णालये आणि शाळांना मिळालेल्या देणग्यांच्या मागे हीच संपत्ती होती.

अमली पदार्थांचा बेकायदा व्यापार सरकारे कधी थांबवू शकतील काय, या प्रश्नाचा विचार करताना अफूइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. तिच्यावरील बंद्यांचा इतिहास जवळजवळ तीनशे वर्षांचा आहे. बादशहा, वसाहतवादी, लोकशाहीवादी, साम्यवादी आणि धर्मसत्तावादी अशा सर्व प्रकारच्या राजवटींनी ती रोखण्याचा प्रयत्न केला. त्यातील काही प्रयत्न यशस्वीही झाले. ते कोठे यशस्वी झाले, किती काळ टिकले आणि त्यांची किंमत कोणी मोजली, हे पाहणे उद्बोधक ठरते.

चीन : पराभव, यश आणि पुनरागमन

चीनच्या योंगझेंग बादशहाने १७२९ मध्येच ओढण्याच्या अफूची विक्री दंडनीय ठरवली. शंभर वर्षांनंतरही आयात वाढतच होती. १८३९ मध्ये खास नेमलेले आयुक्त लिन झेशू यांनी कँटनच्या विदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून हुमेन येथे नष्ट केल्या. एका सरकारने केलेल्या सर्वांत मोठ्या जप्त्यांमध्ये तिची आजही गणना व्हावी. तिची परिणती युद्धात झाली. १८४२ च्या नानकिंग तहाने हाँगकाँग ब्रिटनकडे गेले आणि दुसऱ्या अफू युद्धाच्या काळात, १८५८ मध्ये, अफूची आयात कायदेशीर करणे चीनला भाग पडले. त्यानंतर चीनमध्येच अफूची लागवड पसरली आणि शतक संपेपर्यंत देशी उत्पादनाने आयातीला मागे टाकले.

१९०६ मध्ये चीनने नव्याने बंदी जाहीर केली. पुढच्याच वर्षी ब्रिटनशी करार होऊन भारतातून होणारी निर्यात दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले. ती मुदतीपूर्वीच, १९१३ मध्ये थांबली. १९१२ च्या हेग कराराने आंतरराष्ट्रीय नियंत्रणाचा पाया घातला. चीनमधील लागवडही बऱ्याच प्रांतांत जवळजवळ संपली होती. परंतु मध्यवर्ती सत्ता कोसळून प्रांतोप्रांतीचे लष्करी सरदार प्रबळ झाले आणि सैन्याच्या खर्चासाठी त्यांनी शेतकऱ्यांना पुन्हा अफू पेरायला लावली.

हा व्यापार खरोखर मोडला तो १९४९ नंतर. व्यसनींची संख्या त्या वेळी सुमारे दोन कोटी असल्याचे सांगितले जाते. साम्यवादी सरकारने फेब्रुवारी १९५० मध्ये बंदीचा आदेश काढला आणि १९५२ मध्ये देशव्यापी मोहीम उघडली. गल्लीगल्लीतील समित्यांनी विक्रेत्यांची नावे दिली, जाहीर सभांत आरोपींना उभे करण्यात आले, मोठ्या व्यापाऱ्यांना मृत्युदंड मिळाला, व्यसनींवर सक्तीने उपचार झाले. जमिनीचे फेरवाटप झाल्याने अफूऐवजी धान्य पेरण्याचा हुकूमही अमलात आला. तीन वर्षांत अफूचा व्यापार जवळपास नामशेष झाला.

या यशाचा दाखला नेहमी दिला जातो, पण त्यामागच्या अटी सहसा सांगितल्या जात नाहीत. सीमा बंद होत्या, खासगी व्यापार संपवला जात होता, प्रत्येक घरावर नजर होती आणि न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. १९८० च्या दशकात सीमा आणि बाजार खुले होताच म्यानमारमधील हेरॉइन युन्नान प्रांतातून आत आले आणि नोंदणीकृत व्यसनींचा आकडा पुढे लाखांत गेला. तिकडे १९४९ मध्ये चीनमधून हटलेल्या कुओमिंतांग फौजांच्या काही तुकड्या ब्रह्मदेशाच्या शान प्रांतात शिरल्या होत्या. त्यांच्या आश्रयाने ‘सुवर्ण त्रिकोणा’तील अफू-व्यापार फोफावला. चीनमधून हुसकलेला धंदा सीमेपलीकडे जाऊन बसला होता.

तुर्कस्तान : बंदीऐवजी परवाना

दुसरे उदाहरण तुर्कस्तानचे. अमेरिकेत पोहोचणारे बहुतांश हेरॉइन तुर्की अफूपासून फ्रान्सच्या मार्सेय बंदराच्या परिसरात तयार होते, असे १९७० च्या सुमारास अमेरिकी सरकारचे म्हणणे होते. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या दबावामुळे तुर्कस्तानने १९७१ मध्ये अफूच्या लागवडीवर बंदी जाहीर केली. मोबदल्यात अमेरिकेने साडेतीन कोटी डॉलर देऊ केले. न्यूयॉर्कमध्ये काही काळ हेरॉइनचा तुटवडा जाणवला. परंतु दोन-तीन वर्षांत मेक्सिकोहून येणाऱ्या तपकिरी हेरॉइनने ती जागा भरून काढली. इकडे अनातोलियातील शेतकरी नाराज होता. खसखस, तिचे तेल, पेंड आणि चारा हा त्याच्या घरसंसाराचा भाग होता. तेथील एका शहराचे, अफ्योनकराहिसारचे, नावच अफूवरून पडलेले आहे.

१९७४ मध्ये पंतप्रधान ब्युलेंत एजेवित यांच्या सरकारने बंदी उठवली, मात्र पद्धत बदलली. बोंडांना चिरा देऊन चीक काढण्यास मनाई झाली. शेतकऱ्याने बोंडे झाडावर वाळू द्यायची, खसखस काढून घ्यायची आणि रिकामी बोंडे सरकारला विकायची. त्यांतून औषधी मॉर्फिन काढण्यासाठी बोल्वादिन येथे सरकारी कारखाना उभा राहिला. वाळलेल्या बोंडांच्या राशीतून हेरॉइन काढणे चोरट्या व्यापाऱ्याला परवडत नाही. परिणामी तुर्की अफूची गळती जवळजवळ थांबली. लागवड चालू असताना, हजारो शेतकऱ्यांना परवाने दिलेले असताना हे घडले, ही गोष्ट महत्त्वाची. अर्थात हेरॉइनचा जागतिक व्यापार त्यामुळे थांबला नाही. त्याने दुसरी शेते शोधली.

थायलंडची तीस वर्षे

उत्तर थायलंडच्या डोंगरांत ह्मोंग, लाहू, आखा या जमाती अफू पिकवत. १९६० च्या दशकात लागवडीचे क्षेत्र सुमारे १८ हजार हेक्टर होते. सरकारने १९५९ मध्येच अफूवर बंदी घातली होती, पण डोंगरांत ती राबवण्याची घाई केली नाही. १९६९ मध्ये राजघराण्याच्या आश्रयाने पर्यायी पिकांचा प्रकल्प सुरू झाला. कॉफी, थंड हवेतील फळे, भाजीपाला, फुले यांची लागवड शिकवली गेली. रस्ते, शाळा आणि दवाखाने आले. माल बाजारात नेण्याची व्यवस्था झाली. उभे पीक नष्ट करण्याची मोहीम १९८० च्या दशकात, म्हणजे दुसरे उत्पन्न हाती येऊ लागल्यावर सुरू झाली. १९८८ पासूनचा दोई तुंग प्रकल्प हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. तीस वर्षांच्या अवधीत लागवड काहीशे हेक्टरांवर आली आणि पुन्हा फारशी वाढली नाही.

मात्र याच थायलंडमध्ये अफू ओसरत असताना ‘याबा’ या नावाने मेथॲम्फेटामिनच्या गोळ्या पसरल्या. पंतप्रधान थाकसिन शिनावात्रा यांनी २००३ मध्ये त्याविरुद्ध ‘युद्ध’ पुकारले. पहिल्या तीन महिन्यांतच अडीच हजारांहून अधिक माणसे मारली गेली. त्यांतील अनेकांचा अमली पदार्थांशी संबंध नव्हता, असे पुढे चौकशीत आढळले. गोळ्या आजही म्यानमारमधून प्रचंड संख्येने येतात. शेतकऱ्यापुढे पर्याय ठेवणाऱ्या धोरणाला जे साधले, ते बंदुकीला साधले नाही.

अफगाणिस्तान : एकच आदेश, दोनदा

जुलै २००० मध्ये तालिबानचा प्रमुख मुल्ला ओमर याने अफूची लागवड धर्मबाह्य ठरवली. त्या वर्षी ८२ हजार हेक्टरवर असलेली लागवड २००१ मध्ये आठ हजार हेक्टरांखाली आली, आणि तीही मुख्यतः तालिबानच्या ताब्यात नसलेल्या भागात होती. उत्पादन सुमारे ३,३०० टनांवरून १८५ टनांवर घसरले. एका हंगामात इतकी घट घडवून आणणारी ही अभूतपूर्व बंदी होती. पण अफूवर उचल घेतलेले शेतकरी कर्जात बुडाले आणि भाव अनेक पटींनी चढल्याने पुढची पेरणी अधिकच मोहाची झाली. तालिबानची राजवट २००१ च्या अखेरीस कोसळली. २००२ मध्ये लागवड पुन्हा ७४ हजार हेक्टरांवर होती.

त्यानंतरच्या काळात अमेरिकेने अफगाणिस्तानातील अमली पदार्थविरोधी कामावर २०१७ पर्यंत साडेआठ अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला. पीक नांगरले गेले, गव्हाचे बियाणे वाटले गेले, प्रयोगशाळांवर विमानांतून बॉम्ब टाकले गेले. त्याच २०१७ साली लागवडीने ३ लाख २८ हजार हेक्टरांचा उच्चांक गाठला. सरकारची सत्ता शहराबाहेर पोहोचत नव्हती. जिथे पोहोचत होती, तिथे तिचेच अधिकारी आणि स्थानिक सरदार या व्यापारात वाटेकरी होते.

२०२१ मध्ये सत्तेवर परतलेल्या तालिबानने एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा बंदी घातली. २०२३ मध्ये लागवड २ लाख ३३ हजार हेक्टरांवरून १० हजार ८०० हेक्टरांवर आली. उत्पादन ६,२०० टनांवरून ३३३ टनांवर. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार शेतकऱ्यांचे अफूपासूनचे उत्पन्न एका वर्षात १३६ कोटी डॉलरवरून ११ कोटींवर घसरले. अर्धी लोकसंख्या दारिद्र्यात असलेल्या देशात हा भार सोसणारे कोण, हे उघड आहे. मे २०२४ मध्ये बदख्शानमध्ये पीक नष्ट करणाऱ्या पथकांविरुद्ध गावे उठली आणि त्यात काही जण ठार झाले. तरीही बंदी पुढील हंगामांत टिकली. दरम्यान २०२१ च्या लष्करी उठावानंतर यादवीत सापडलेल्या म्यानमारमध्ये लागवड वाढली आणि २०२३ मध्ये अफूच्या उत्पादनात तो देश जगात पहिला झाला.

किमतीचे गणित

या साऱ्या उदाहरणांतून एक सूत्र हाती लागते. एका देशात पीक संपले की दुसऱ्या देशात उगवते, एक वाट बंद झाली की दुसरी उघडते. याचे कारण गुन्हेगारांच्या चातुर्यापेक्षा मालाच्या किमतीत अधिक आहे. पाश्चात्त्य शहरांतील रस्त्यावर हेरॉइनला जी किंमत मिळते, तिच्यातील शेतकऱ्याचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या घरात असतो. उरलेली रक्कम ही सीमा ओलांडण्याच्या, पकडले जाण्याच्या आणि लाच देण्याच्या जोखमीचे मोल असते. त्यामुळे शेतातील भाव दुप्पट झाला तरी ग्राहकाला फारसा फरक जाणवत नाही. सीमेवर पकडलेला मालही व्यापाऱ्याला मूळ खरेदीच्या भावाने, म्हणजे स्वस्तात, पुन्हा उभा करता येतो. कारवाई जितकी कडक, तितकी जोखीम अधिक आणि तितकाच उरलेल्यांचा नफा मोठा.

म्हणून सर्व खुले करावे, असा निष्कर्ष काढणेही सोपे नाही. अमेरिकेतील ओपिऑइड संकटाची सुरुवात १९९० च्या दशकात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या, पूर्णपणे कायदेशीर वेदनाशामकांपासून झाली होती. कायदेशीर बाजारावर नियंत्रण ढिले असेल तर तोही प्राणघातक ठरतो. पोर्तुगालने जुलै २००१ पासून दहा दिवस पुरेल इतका साठा स्वतःच्या सेवनासाठी बाळगणे हा फौजदारी गुन्हा मानणे थांबवले. विक्री मात्र गुन्हाच राहिली. पकडलेल्या व्यक्तीला न्यायालयाऐवजी तज्ज्ञांच्या समितीपुढे आणि तेथून उपचारांकडे नेण्याची व्यवस्था झाली. सुईवाटे व्यसन करणाऱ्यांमधील एचआयव्हीची लागण त्यानंतर मोठ्या प्रमाणात घटली. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्याने २०२१ मध्ये शिक्षा काढून टाकली, पण उपचारांची व्यवस्था वेळेत उभी राहिली नाही. २०२४ मध्ये तेथे पुन्हा शिक्षा लागू करावी लागली.

शेताकडून कारखान्याकडे

अफूच्या इतिहासात निदान शेत तरी दिसते. विमानातून, उपग्रहातून त्याची मोजणी होते. प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या पदार्थांनी तीही सोय ठेवलेली नाही. फेंटॅनिल हेरॉइनच्या अनेक पटींनी तीव्र असल्याने त्याची लहानशी पुडी पुरते. चीनने २०१९ मध्ये फेंटॅनिलच्या सर्व प्रकारांवर नियंत्रण आणले, तेव्हा त्यासाठी लागणारी रसायने मेक्सिकोत जाऊन तिथे माल तयार होऊ लागला. अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने २०२२ मध्ये एक लाखाहून अधिक मृत्यू झाले. २०२४ मध्ये हा आकडा सुमारे ८० हजारांवर उतरला.

महाराष्ट्रालाही हा बदल अपरिचित नाही. ‘एमडी’ या नावाने ओळखले जाणारे मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५ मध्ये एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत आणले गेले. पन्नास ग्रॅमपेक्षा अधिक साठ्यासाठी दहा ते वीस वर्षांची शिक्षा आहे. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोन तयार करणारे कारखाने उघडकीस आणले. मुंबई-पुण्यात विकला जाणारा माल आता सीमेवरून यावा लागत नाही. रसायने, यंत्रे आणि प्रशिक्षित हात सारे राज्यातच उपलब्ध आहेत. कायद्याच्या कठोरपणात मुळात उणीव नव्हती. १९८५ च्या या कायद्यात १९८९ मध्ये काही गुन्ह्यांच्या पुनरावृत्तीसाठी सक्तीची फाशीही घालण्यात आली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ही सक्ती घटनाबाह्य ठरवली.

उत्तर कोणते?

ज्या माळव्यातील अफू कंपनी सरकारला रोखता आली नाही, त्याच माळव्यात, नीमच आणि मंदसौर जिल्ह्यांत, अफू आजही पिकते. शेतकऱ्याला केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचा परवाना लागतो, क्षेत्र मोजले जाते, ठरलेल्या किमान प्रमाणात मॉर्फिन न भरल्यास परवाना जातो आणि चीक नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाऊन औषधांच्या कामी येतो. चोरटी विक्री पूर्णपणे थांबलेली नाही, कारण चोरबाजारातील भाव सरकारी भावाच्या कितीतरी पट असतो. म्हणूनच अलीकडे, २०२१-२२ पासून, काही परवाने तुर्की पद्धतीने, चिरा न देता बोंडे देण्याच्या अटीवर दिले जाऊ लागले आहेत.

सरकारे शेत थांबवू शकतात, वाट थांबवू शकतात, एखादा पदार्थ काही काळ दुर्मीळही करू शकतात. मागणी कायम असताना व्यापार मात्र कोणालाही कायमचा थांबवता आलेला नाही. चीनला १९५२ मध्ये जे साधले, त्यासाठी लागणारी सत्ता कोणत्याही मुक्त समाजाला परवडणारी नाही आणि तेथेही ते यश सीमा उघडेपर्यंतच टिकले. जे टिकले ते तुर्कस्तानच्या परवान्यासारखे, थायलंडच्या कॉफीसारखे, पोर्तुगालच्या उपचारांसारखे संथ आणि मर्यादित यश होते.

यातून सरकारच्या कामाची मोजपट्टी बदलण्याची गरज दिसते. किती किलो माल जप्त झाला आणि बाजारभावाने त्याचे किती कोटी झाले, हे आकडे मथळ्यांना उपयोगी पडतात. व्यापार किती घटला, हे त्यांवरून कळत नाही. किती मृत्यू टळले, किती शेतकऱ्यांना दुसरे पीक मिळाले, किती व्यसनींपर्यंत डॉक्टर पोहोचला, हे आकडे त्याहून खरे. दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सव्वादोन कोटींहून अधिक लोक अफूजन्य किंवा तत्सम पदार्थांचे सेवन करतात, अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या वीस जणांपैकी जेमतेम एकाला उपचार मिळतात. उरलेले एकोणीस जण उद्याही खरेदीला बाहेर पडणार आहेत. त्यांच्यासाठी माल आणणारी वाट कोणती असेल, एवढाच प्रश्न मग शिल्लक राहतो.